फुटबॉल विश्वचषक स्पर्धेचे प्रक्षेपण

फिफा या आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटनेतर्फे दर चार वर्षांनी भरविण्यात येणाऱ्या विश्वचषक स्पर्धेतील सामने दूरचित्रवाणी व आंतरजाल यांच्या द्वारे जगभरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था. ही स्पर्धा १९३० साली सुरू झाली. तिचे प्रक्षेपण मात्र १९५४ पासून होऊ लागले. मैदानावर बसून सामना पाहणाऱ्यांच्या संख्येला प्रेक्षागाराची मर्यादा असते. पडद्यावर तो पाहणारे कोट्यवधी असतात. साहजिकच स्पर्धेचे उत्पन्न, तिचे वेळापत्रक, खेळाची काही साधने आणि पंचांचे निर्णय या सर्वांवर प्रक्षेपणाचा प्रभाव पडत गेला. त्याचबरोबर, हे दृश्य सर्वांना विनामूल्य पाहावयास मिळावे, की ज्याने मूल्य दिले त्यालाच, हा प्रश्नही उभा राहिला आणि तो अनेक देशांत न्यायालयांपर्यंत गेला. [→ दूरचित्रवाणी, फुटबॉल].

प्रारंभीचा काळ : १९५४ ची स्पर्धा स्वित्झर्लंडमध्ये झाली. पश्चिम यूरोपातील आठ देशांच्या दूरचित्रवाणी संस्थांना सूक्ष्मतरंग दुव्यांनी जोडणारी ‘युरोव्हिजन’ ही जालयंत्रणा त्याच वर्षी जूनमध्ये कार्यान्वित झाली होती आणि स्पर्धेतील निवडक सामने तिच्यावरून दाखविण्यात आले. ४ जुलै १९५४ रोजी बर्न येथील अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने हंगेरीवर ३–२ असा विजय मिळविला. तथापि त्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचे संपूर्ण मुद्रण आज उपलब्ध नाही. जर्मन जनतेच्या स्मरणात राहिला आहे तो हेर्बर्ट त्सिमरमान या समालोचकाचा आवाज, आणि तो नभोवाणीवरचा आहे.

सूक्ष्मतरंग दुवे महासागर ओलांडू शकत नसत. १९६२ ची स्पर्धा चिलीमध्ये झाली, तेव्हा यूरोपीय प्रेक्षकांना सामने पाहावयास मिळाले ते चित्रफिती विमानाने आणल्यानंतर, म्हणजे निकाल वृत्तपत्रांत छापून येऊन काही दिवस लोटल्यावर. ती स्पर्धा १७ जून रोजी संपली आणि टेलस्टार हा दळणवळण उपग्रह १० जुलै रोजी अवकाशात गेला. अवघ्या तीन आठवड्यांचे हे अंतर होते. इंग्लंडमधील १९६६ च्या स्पर्धेपर्यंत उपग्रहाद्वारे अटलांटिकपार चित्रे पाठविण्याची सोय झालेली होती. अंतिम सामना एकट्या ब्रिटनमध्ये सु. ३ कोटी २३ लक्ष लोकांनी पाहिला असा अंदाज आहे.

१९७० च्या मेक्सिकोतील स्पर्धेपासून उपग्रहाद्वारे थेट आणि रंगीत प्रक्षेपणाचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सु. ३५,८०० किमी. उंचीवर पृथ्वीच्या परिवलनाच्या गतीनेच फिरत असल्याने जमिनीवरून पाहता तो स्थिर भासतो. त्याच्याकडे जाऊन परत येण्यास संकेताला सु. पाव सेकंद लागतो. ब्राझीलच्या संघाचा पिवळा पोशाख जगातील अनेकांनी प्रथम पाहिला तो या स्पर्धेत. त्या स्पर्धेसाठी आदिदास या कंपनीने तयार केलेल्या चेंडूवर बारा काळे पंचकोन व वीस पांढरे षट्‌कोन होते. कृष्णधवल पडद्यावर चेंडू उठून दिसावा हा त्या रचनेचा हेतू होता. त्याचे ‘टेलस्टार’ हे नावही दूरचित्रवाणीवरूनच घेतलेले होते. पुढे जगभर फुटबॉलचे चित्र काढताना हाच काळा-पांढरा चेंडू काढण्याची रूढी पडली.

अर्जेंटिनातील १९७८ ची स्पर्धा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथील लष्करी राजवटीने परदेशी प्रेक्षकांसाठी रंगीत चित्रे निर्माण करणारे आधुनिक केंद्र ब्वेनस एअरीझ येथे उभारले. जगाने ती स्पर्धा रंगीत पाहिली. अर्जेंटिनाच्या नागरिकांनी मात्र आपल्या संघाचा विजय घरोघरी कृष्णधवल पडद्यावर पाहिला, कारण त्या देशात रंगीत प्रक्षेपण नियमितपणे सुरू झाले ते १९८० मध्ये. प्रक्षेपण कोणासाठी केले जाते, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर क्वचितच मिळते.

वेळापत्रक व नियम : मेक्सिकोतील भर दुपारचे बारा म्हणजे पश्चिम यूरोपातील सायंकाळ. १९७० व १९८६ या दोन्ही स्पर्धांत अनेक सामने, अंतिम सामन्यासह, माध्यान्हीच्या उन्हात खेळविण्यात आले ते यूरोपीय प्रेक्षकांच्या सोयीसाठी. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून २,२०० मी. हून अधिक उंचीवर असल्याने विरळ हवेचा त्रासही त्यात मिसळला. १९८६ मध्ये मॅराडोना व त्याचा सहकारी व्हाल्दानो यांनी याविषयी जाहीर तक्रार केली. वेळा बदलल्या नाहीत.

याउलट, खेळाच्या न्याय्यतेसाठी प्रक्षेपणाची सोय बाजूस ठेवल्याचे एक ठळक उदाहरणही आहे. गटातील शेवटचे सामने वेगवेगळ्या वेळी ठेवले, तर प्रत्येक सामना पूर्णपणे दाखविता येतो. परंतु २५ जून १९८२ रोजी स्पेनमधील हिहोन येथे पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया हे संघ मैदानात उतरले, तेव्हा अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच संपला होता आणि कोणत्या निकालाने आपण दोघेही पुढे जाऊ हे दोन्ही संघांना ठाऊक होते. जर्मनीने आरंभी एक गोल केल्यानंतर उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात गेला आणि अल्जीरिया बाद झाला. १९८६ पासून गटातील शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू करण्याचा नियम करण्यात आला.

चित्र आणि पंच : १९६६ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टने मारलेला चेंडू आडव्या दांड्यावर आपटून खाली आला, तो गोलरेषेच्या पूर्ण आत पडला होता किंवा नाही, याचा निर्णय रेषापंचाच्या मतावर झाला. त्यावेळच्या चित्रणावरून काहीच सिद्ध करता आले नाही आणि वाद आजतागायत मिटलेला नाही. २०१० साली दक्षिण आफ्रिकेतील स्पर्धेत नेमकी उलट परिस्थिती उद्‌भवली. इंग्लंडच्या फ्रँक लँपर्डने जर्मनीविरुद्ध मारलेला चेंडू रेषेच्या बराच आत पडल्याचे पुनर्दृश्यात जगाला दिसले. ज्याला ते पाहण्याची मुभा नव्हती असा एकच माणूस होता, तो म्हणजे पंच. गोल नाकारण्यात आला. ही विसंगती फार काळ टिकणे शक्य नव्हते. २०१४ च्या स्पर्धेत गोलरेषा-तंत्र व २०१८ मध्ये व्हिडिओ साहाय्यक पंच ही पद्धती अंमलात आली. २०२२ मध्ये कतार येथे प्रेक्षागाराच्या छताखाली बसविलेले बारा खास कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदूंची स्थिती सेकंदास ५० वेळा टिपत होते. चेंडूतील संवेदक सेकंदास ५०० वेळा माहिती पाठवीत होता. ऑफसाइडचे निर्णय त्यामुळे अधिक अचूक झाले. मात्र गोल झाल्यावर आनंद करावा की निकालाची वाट पाहावी, असा संभ्रम आता मैदानावर वारंवार दिसतो.

यजमान प्रक्षेपण : प्रत्येक देशाची संस्था आपापले कॅमेरे घेऊन मैदानावर येत नाही. एकच निर्मितीसंस्था सर्व सामन्यांचे चित्रण करते आणि चित्र व मैदानावरील नैसर्गिक ध्वनी यांचा एक समान संकेत आंतरराष्ट्रीय प्रक्षेपण केंद्रातून सर्वांस पुरविला जातो. त्यावर प्रत्येक देशाचे समालोचक आपापल्या भाषेत समालोचन जोडतात. पूर्वी हे काम यजमान देशाची दूरचित्रवाणी संस्था करीत असे. २००२ पासून ते ‘होस्ट ब्रॉडकास्ट सर्व्हिसेस’ या खास कंपनीकडे आले. मुख्य कॅमेरा मध्यरेषेच्या सरळीत उंचावर असतो आणि मैदानाची एकच बाजू धरून ठेवतो. अन्यथा संघ कोणत्या दिशेने आक्रमण करीत आहे याविषयी प्रेक्षकाचा गोंधळ होतो. १९९० मध्ये इटलीत उच्च विभेदन चित्रणाचे प्रयोग झाले, २००६ पासून सर्व सामने त्या पद्धतीने चित्रित होऊ लागले. २०१० मध्ये काही सामने त्रिमितीय पद्धतीनेही दाखविण्यात आले. ती पद्धती मागे पडली. २०२२ मध्ये एका सामन्यासाठी चाळीसहून अधिक कॅमेरे वापरण्यात आले.

इतक्या कॅमेऱ्यांतून कोणते चित्र पडद्यावर जावे हे दिग्दर्शक ठरवितो. साऱ्या जगाला एकच संकेत मिळत असल्याने त्याने वगळलेले दृश्य जगापुरते घडलेलेच नसते. १२ जून २०१४ रोजी साऊँ पाउलू येथील उद्‌घाटनाच्या सामन्यापूर्वी शांततेची कबुतरे सोडणाऱ्या तीन मुलांपैकी आदिवासी ग्वारानी जमातीच्या मुलाने आपल्या लोकांच्या भूमीचे सीमांकन करण्याची मागणी करणारा फलक उघडला. कबुतरे सर्वांना दिसली. फलक जागतिक प्रक्षेपणात आला नाही, तो छायाचित्रांतून नंतर कळला.

प्रक्षेपणाधिकार : दीर्घकाळ हे अधिकार विविध खंडांतील सार्वजनिक प्रक्षेपण संस्थांच्या संघाकडे होते. १९९०, १९९४ व १९९८ या तीन स्पर्धांसाठी मिळून या संघाने सु. ३४ कोटी स्विस फ्रँक दिले. १९९६ मध्ये फिफाने २००२ व २००६ या दोन स्पर्धांचे अमेरिकेबाहेरील अधिकार किर्ख व आयएसएल या खाजगी कंपन्यांना २८० कोटी स्विस फ्रँकना विकले. ही झेप विक्रेत्याला लाभदायक ठरली; खरेदीदारांना मात्र पेलली नाही. आयएसएल २००१ मध्ये व किर्ख उद्योगसमूह २००२ मध्ये दिवाळखोरीत गेला. तथापि किंमती खाली आल्या नाहीत. २०१९ ते २०२२ या चार वर्षांच्या काळात फिफाच्या सु. ७५७ कोटी डॉलर उत्पन्नापैकी सु. ३४३ कोटी डॉलर दूरचित्रवाणीच्या अधिकारांतून आले.

प्रेक्षकसंख्येचे आकडेही या व्यापाराचाच भाग असल्याने ते सावधपणे वाचणे इष्ट. २००६ चा अंतिम सामना ७१ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला असे फिफाने सांगितले. एका स्वतंत्र पाहणीत हा आकडा सु. २६ कोटी निघाला. सामन्याचा काही भाग ओझरता पाहणारा आणि तो पूर्ण पाहणारा यांची गणना वेगळी केली, की आकडा कित्येक पटींनी बदलतो.

अधिकार खाजगी वाहिन्यांकडे गेल्यास वर्गणी न परवडणारा प्रेक्षक स्पर्धेस मुकेल, ही भीती निराधार नव्हती. यूरोपीय संघाने १९९७ मध्ये सदस्य देशांना समाजाच्या दृष्टीने महत्त्वाच्या घटनांची सूची करण्याची मुभा दिली. सूचीतील घटना विनामूल्य वाहिनीवर दाखविण्यास वाव ठेवणे बंधनकारक असते. ब्रिटन व बेल्जियम यांनी विश्वचषकाचे सर्वच सामने सूचीत घातले. गटातील किरकोळ सामन्यांना राष्ट्रीय महत्त्व कसले, असा आक्षेप घेऊन फिफा न्यायालयात गेली. यूरोपीय न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी तिचे अपील फेटाळले. मालमत्तेच्या हक्कावर यामुळे मर्यादा येते हे न्यायालयाने मान्य केले, परंतु जनतेच्या माहितीच्या हक्कासाठी ती समर्थनीय ठरविली.

आंतरजालावरील प्रक्षेपण : व्यवहारात ‘स्ट्रीमिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीचे तत्त्व दूरचित्रवाणीहून मुळातच वेगळे आहे. मनोऱ्यावरून किंवा उपग्रहावरून निघणारा संकेत एकच असतो. त्याच्या टापूत एक घर असो की एक कोटी, त्याच्यावरील भार वाढत नाही. आंतरजालावर मात्र सामान्यतः प्रत्येक प्रेक्षकाकडे स्वतंत्र प्रवाह जातो. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकडा कमीअधिक स्पष्टतेच्या अनेक प्रतींत तयार होतो आणि ठिकठिकाणच्या वितरण संगणकांत साठविला जातो. प्रेक्षकाचे यंत्र जोडणीच्या वेगानुसार योग्य ती प्रत मागवून घेते व खंड पडू नये म्हणून काही तुकडे आगाऊ जमवून ठेवते. या साऱ्यास लागणारा वेळ काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटाहून अधिक असू शकतो. शेजारच्या घरातील आरोळी आधी ऐकू येते व गोल नंतर दिसतो, हा अनुभव त्यामुळेच येतो. प्रेक्षकांची गर्दी अकस्मात वाढली की चित्र अडखळते, आणि अशी गर्दी नेमकी निर्णायक क्षणी होते. ठरावीक वेळी घरी असण्याचे बंधन मात्र या पद्धतीने सैल केले. बसमध्ये वा कचेरीत भ्रमणध्वनीवर सामना पाहणे शक्य झाले. कोण, कोठे, किती वेळ पाहतो याची तपशीलवार नोंदही अधिकारधारकास मिळू लागली. दूरचित्रवाणीला ती केवळ नमुना पाहणीतून अजमावता येत असे.

भारत : भारतीय संघ या स्पर्धेत आजवर खेळलेला नाही, तरीही प. बंगाल, केरळ व गोवा येथे तिचा प्रेक्षकवर्ग मोठा आहे. महाराष्ट्रात पेठापेठांतील तालीम मंडळांचे संघ असलेले कोल्हापूर याबाबत विशेष उल्लेखनीय होय. १९८६ मध्ये दूरदर्शनने मेक्सिकोतील सामने दाखविले. तेथील दुपारचे बारा म्हणजे भारतातील रात्रीचे साडेअकरा आणि दुपारचे चार म्हणजे पहाटेचे साडेतीन. तरीही जागरणे करणाऱ्यांची वाण पडली नाही. मॅराडोनाच्या खेळाची मोहिनी या प्रक्षेपणामुळे ज्यांच्यावर पडली त्यांच्या घरांत अर्जेंटिनाची बाजू घेण्याची परंपरा पुढील पिढीतही चालू राहिली.

फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरींचे अवकाश ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. २००७ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचा संकेत खाजगी अधिकारधारकाने प्रसार भारतीस देणे आवश्यक ठरले. विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्यासह काही निवडक सामन्यांना तो लागू होतो. मात्र हा संकेत प्रसार भारतीने केवळ आपल्या भूप्रक्षेपकांवरून व स्वतःच्या विनामूल्य उपग्रह सेवेवरूनच दाखवावा, खाजगी केबलचालकांमार्फत नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये स्पष्ट केले. केबलजोडणी असलेल्या घराला त्यामुळे दूरदर्शनवर तो सामना दिसत नाही.

२०२२ मध्ये भारतातील अधिकार व्हायकॉम १८ या कंपनीकडे होते. तिने सर्व ६४ सामने जिओसिनेमा या आंतरजाल मंचावर विनामूल्य दाखविले. प्रेक्षकाने द्यावयाचे मूल्य येथे वर्गणीऐवजी जाहिरात व भ्रमणध्वनीचे विदावहन यांतून वसूल झाले. अंतिम सामना भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठला सुरू झाल्याने या वेळी जागरणाचीही गरज पडली नाही. समालोचन इंग्रजी, हिंदी, बंगाली, मलयाळम्‌ व तमिळ या पाच भाषांत उपलब्ध होते. मराठी व कोकणी यांचा त्यांत समावेश नव्हता.