‘रिव्हर्सिबल’ म्हणजे नेमके काय?

टेबलावर ठेवलेला बर्फ वितळला. ते पाणी तुम्ही फ्रीझरमध्ये ठेवले आणि पुन्हा बर्फ झाला. हा बदल रिव्हर्सिबल आहे का? शाळेत याचे उत्तर ‘होय’ असे होते. पदवीच्या उष्मागतिकीत मात्र ते ‘नाही’ असे आहे. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण एकच शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो. मराठी पुस्तकांत त्यासाठी कुठे ‘परिवर्तनीय’, तर कुठे ‘व्युत्क्रमी’ असा शब्द येतो. हिंदी पुस्तकांत ‘उत्क्रमणीय’ आढळतो. शब्द कोणताही असो, त्याचा अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो.

१. शालेय विज्ञानातील अर्थ

मूळ पदार्थ परत मिळाला की बदल परिवर्तनीय. मेण वितळणे, पाण्यात मीठ विरघळणे ही त्याची उदाहरणे. दुधाचे दही होणे किंवा कागद जळणे हे बदल अपरिवर्तनीय. येथे आपण फक्त पदार्थाकडे पाहतो. फ्रीझरने किती वीज घेतली, हा प्रश्न येथे विचारला जात नाही.

२. रसायनशास्त्रातील अर्थ

ज्या अभिक्रियेत पुढची आणि उलट अशा दोन्ही अभिक्रिया एकाच परिस्थितीत चालतात, ती रिव्हर्सिबल अभिक्रिया. बंद पात्रात योग्य तापमानाला व दाबाला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया बनतो. त्याच वेळी काही अमोनियाचे विघटनही होत असते. दोन्ही वेग समान झाले की समतोल साधतो. म्हणून समीकरणात एकमेकांच्या उलट दिशेचे दोन अर्धे बाण काढतात.

३. उष्मागतिकीतील अर्थ

हा अर्थ सर्वांत कडक आहे. प्रक्रिया उलट फिरवल्यावर प्रणाली आणि तिचा परिसर हे दोन्ही जसेच्या तसे मूळ स्थितीत आले पाहिजेत, कुठेही खूण उरता कामा नये. त्यासाठी घर्षण नसावे आणि तापमानातील किंवा दाबातील फरक अतिसूक्ष्म असावा.

आता बर्फाचा हिशेब करू. एक मोल, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम बर्फ २७३ केल्व्हिनला वितळण्यासाठी सुमारे ६०१० ज्यूल उष्णता घेतो. खोलीचे तापमान २९८ केल्व्हिन धरा.

बर्फाच्या एन्ट्रॉपीत वाढ: ६०१० ÷ २७३ = २२.० ज्यूल प्रति केल्व्हिन
खोलीच्या एन्ट्रॉपीत घट: ६०१० ÷ २९८ = २०.२ ज्यूल प्रति केल्व्हिन
एकूण वाढ: १.८ ज्यूल प्रति केल्व्हिन

ही १.८ म्हणजेच मागे उरलेली खूण. पाणी पुन्हा गोठवल्याने ती पुसली जात नाही. फ्रीझर चालवताना तिच्यात भरच पडते. खोलीचे तापमान २७३ केल्व्हिनपेक्षा अगदी किंचितच जास्त असते, तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले असते. पण मग बर्फ वितळायला अमर्याद वेळ लागला असता. म्हणून उष्मागतिकीतील रिव्हर्सिबल प्रक्रिया ही आदर्श मर्यादा आहे. प्रत्यक्षात तिच्या जवळ जाता येते, तिथे पोहोचता येत नाही.

मग तिचा उपयोग काय? सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये अशाच आदर्श इंजिनाचा विचार मांडला. ५०० आणि ३०० केल्व्हिन या तापमानांमध्ये चालणाऱ्या कोणत्याही इंजिनाची कार्यक्षमता ४० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, हे त्यातूनच कळते. गाठता न येणारी ही मर्यादा खऱ्या यंत्रांना मोजपट्टी पुरवते.

नेहमी होणारी चूक

अभिक्रियेच्या समीकरणात दोन अर्धे बाण दिसले की अनेक जण ती प्रक्रिया उष्मागतिकीच्या अर्थानेही रिव्हर्सिबल धरतात आणि गणित चुकते. वायूंचे मिश्रण आपोआप समतोलाकडे जात असताना एकूण एन्ट्रॉपी वाढतच असते. म्हणून गणित सोडवण्यापूर्वी स्वतःला विचारा: येथे फक्त पदार्थ परत येतो, दोन्ही दिशांच्या अभिक्रिया चालू आहेत, की परिसरही पूर्ववत होतो?

स्वतः तपासा

सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढताच हवा फुस्सकन बाहेर पडते. पंपाने ती पुन्हा भरता येते. हा बदल कोणत्या अर्थाने रिव्हर्सिबल आहे आणि कोणत्या अर्थाने नाही? उत्तर लिहिताना पंप मारून दमलेले तुमचे हातही हिशेबात धरा.