हॉकीचा सातबारा कोणाच्या नावावर?

‘आपली टीमना मालक कोन शे, भाऊ?’ नंदुरबारला चहाच्या टपरीवर एका शाळकरी पोरानं हा प्रश्न टाकला. त्याच्या खांद्यावर हॉकी स्टिक होती. मुठीपासून खाली वीतभर वायरमनची काळी टेप गुंडाळलेली, आणि टोकाचं लाकूड मुरमाच्या मैदानावर घासून पांढरं पडलेलं. उत्तर द्यायला चारपाच जण एकदम सरसावले. कुणी म्हणालं, भारताची टीम ओडिशा सरकारनं विकत घेतली आहे. कुणी सांगितलं, मुंबईची टीम पुन्हा येणार, मोठा उद्योगपती पैसे ओततोय. एका जाणत्या गृहस्थांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते या सगळ्या खुर्च्यांवर माजी खेळाडू बसवले की हॉकी आपोआप सुधारेल.

चहा संपला तरी वाद संपला नाही. त्यातली प्रत्येक गोष्ट मी याआधी शहाद्यात, नवापुरात आणि अगदी शिक्षकांच्या खोलीतही ऐकली आहे, म्हणून एकेक तपासून पाहतो.

ओडिशानं भारतीय संघ विकत घेतला आहे?

नाही. ओडिशा सरकार भारतीय पुरुष आणि महिला संघांचं प्रायोजक आहे. २०१८ मध्ये सहारा समूहाची जागा ओडिशानं घेतली आणि तो करार आता २०३६ पर्यंत वाढवला आहे. टोकियोत ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक आलं तेव्हा खेळाडूंच्या छातीवर ओडिशाचं नाव होतं, त्यामुळे हा समज घट्ट बसला. ओडिशानं पैसा दिला, राउरकेलाला बिरसा मुंडा स्टेडियम उभारलं, विश्वचषक भरवले. याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण शेताच्या बांधावर बियाणं कंपनीचा फलक लागला म्हणून सातबाऱ्यावर तिचं नाव चढत नाही. संघ निवडणं, प्रशिक्षक नेमणं, शिबिरं घेणं हे हॉकी इंडियाचं काम आहे. हॉकी इंडिया ही २००९ मध्ये स्थापन झालेली नोंदणीकृत संस्था आहे. राज्य संघटना तिच्या सदस्य आहेत. तिचे समभाग नसतात, त्यामुळे ते विकत घ्यायचा प्रश्नच येत नाही.

मग लीगमधल्या संघांचे मालक तरी खरे मालक आहेत ना?

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त वावड्या इथेच उठतात.

हॉकी इंडिया लीगमध्ये कंपनी जे घेते त्याला फ्रँचायझी म्हणतात. आपल्याकडे शेत खंडानं घेतात, तसाच हा व्यवहार आहे. ठरलेली रक्कम भरायची, ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या नावानं संघ उतरवायचा. खेळाडू लिलावातून घ्यायचे, तेही लीगनं घातलेल्या खर्चाच्या मर्यादेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या लिलावात पुरुष संघाला ४ कोटी आणि महिला संघाला २ कोटी रुपयांची मर्यादा होती. एका संघात २४ खेळाडू. सगळ्यात मोठी बोली हरमनप्रीत सिंगवर लागली, ७८ लाख रुपये, सूरमा हॉकी क्लबकडून. महिलांमध्ये उदिताला बंगालच्या संघानं ३२ लाखांना घेतलं. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्या मर्यादेपलीकडे त्याला जाता येत नाही.

शेत सोडलं की ते मूळ खातेदाराकडे परत जातं. रांचीचं उदाहरण पाहा. २०१३ मध्ये लीगचं पहिलंच विजेतेपद रांची ऱ्हायनोजनं मिळवलं. दोन हंगामांत मालक आणि हॉकी इंडिया यांचं बिनसलं आणि तो विजेता संघ नावानिशी मिटला. २०१५ मध्ये रांचीला नवा संघ आला, रांची रेज. मालकांत सहारा आणि महेंद्रसिंग धोनी. त्या संघानं त्याच वर्षी विजेतेपद मिळवलं. गाव तेच, प्रेक्षक तेच, पण कागदोपत्री दोन्ही संघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अलीकडचं उदाहरण यूपी रुद्राजचं. एक हंगाम खेळून मालकांनी आर्थिक कारणांनी माघार घेतली आणि तो संघ लीगच्या गव्हर्निंग कौन्सिलला स्वतः चालवायला घ्यावा लागला.

महाराष्ट्राची यादी वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. २००५ मध्ये सुरू झालेल्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स होते. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स आणि मुंबई मरीन्स होते. पुणे तर अंतिम सामन्यापर्यंत गेलं आणि शेर-ए-पंजाबकडून हरलं. मग मुंबई मॅजिशियन्स, त्यानंतर दबंग मुंबई. यातला एकही संघ आज उभा नाही. २०१७ नंतर लीगच थांबली. ती २०२४ च्या डिसेंबरमध्ये राउरकेलाला पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते: दिल्ली, बंगाल, कलिंग, हैदराबाद, तमिळनाडू, उत्तर प्रदेश, सूरमा आणि गोनासिका. महाराष्ट्राचा एकही नाही. महिलांच्या चार संघांतही नाही.

म्हणून त्या पोराच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की लीगमध्ये ‘आपली टीम’च नव्हती. जिला मालक मिळाल्याची चर्चा टपरीवर रंगते, ती टीम आधी जन्माला यावी लागेल. लीगनं नवी फ्रँचायझी जाहीर केली तरच ती बातमी. कुणी उद्योगपती स्टेडियममध्ये सामना पाहताना दिसला, एवढ्यावरून ती बातमी ठरत नाही.

माजी खेळाडूंना खुर्ची दिली की हॉकी सुधारते?

या समजामागची भावना मला पूर्ण पटते. वर्षानुवर्षं हॉकीचा कारभार पोलीस अधिकारी, राजकारणी आणि उद्योजकांच्या हाती राहिला. १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ३२ वर्षांनी सुवर्ण जिंकून आलेल्या संघातल्या अनेकांना, कर्णधार धनराज पिल्लेसकट, पुढच्याच दौऱ्यातून वगळलं गेलं. धनराज खडकीचा, कामगारवस्तीतला, आपलाच पोरगा. त्याच्यावरचा तो अन्याय पाहिलेल्या पिढीला वाटतं की खेळाडूच्या हाती सही असती तर असं घडलं नसतं.

पण अनुभव काय सांगतो? मार्च २००८ मध्ये चिलीत ब्रिटनकडून हरून भारत पहिल्यांदाच ऑलिम्पिकला मुकला. पुढच्याच महिन्यात लाचखोरीचं प्रकरण बाहेर आलं आणि भारतीय ऑलिम्पिक संघटनेनं जुना हॉकी महासंघ निलंबित केला. कारभारासाठी पाच जणांची समिती नेमली, सगळे दिग्गज: अस्लम शेर खान, अशोक कुमार, अजितपाल सिंग, झफर इक्बाल आणि धनराज. त्यातले पहिले तिघे १९७५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातले. खेळाच्या ज्ञानात यांच्यापुढे कोण उभं राहणार? तरी ही समिती तात्पुरतीच होती. राज्य संघटनांची मतं तिच्या हाती नव्हती आणि तिच्यामागे पक्की घटनाही नव्हती. २०१० मध्ये हॉकी इंडियाच्या अध्यक्षपदासाठी माजी कर्णधार परगट सिंग उभे राहिले आणि ऐंशीच्या घरातल्या राजकारणी विद्या स्टोक्स यांच्याकडून हरले. मतदार होते राज्य संघटनांचे प्रतिनिधी. चाहत्यांना मत नव्हतं, लीगच्या मालकांनाही नाही. अध्यक्ष कोण होणार हे तेव्हाही तिथेच ठरलं, आजही तिथेच ठरतं.

बदल आला तो न्यायालयातून. आजीव अध्यक्षासारखी पदं बेकायदा असल्याचं दिल्ली उच्च न्यायालयानं २०२२ च्या मे महिन्यात सांगितलं आणि प्रशासक नेमले. हा निकाल ज्या याचिकेवर आला, ती अस्लम शेर खान यांचीच होती. त्यानंतर सप्टेंबरमध्ये दिलीप तिर्की बिनविरोध अध्यक्ष झाले. सुंदरगड जिल्ह्यातल्या सौनामारा या आदिवासी गावचा मुलगा, तीन ऑलिम्पिक खेळलेला बचावपटू आणि हॉकी इंडियाचा पहिला ऑलिम्पियन अध्यक्ष. आमच्या अक्कलकुवा-धडगावच्या पोरांना हे नाव पाठ हवं. त्याआधीचं एक नावही हवं: जयपालसिंग मुंडा. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमधल्या संघाचे कर्णधार आणि पुढे संविधान सभेत आदिवासींचा आवाज झालेले नेते. रांचीच्या हॉकी स्टेडियमला त्यांचंच ‘मरांग गोमके’ हे बिरुद दिलं आहे.

‘माजी खेळाडूला घेतलं’ अशी बातमी आली की मी आधी खुर्ची कोणती ते पाहतो. अध्यक्ष निवडून येतो. प्रशिक्षक नेमला जातो, त्याला संघ खेळवायचा असतो. फ्रँचायझीचा ‘डायरेक्टर ऑफ हॉकी’ हा कंपनीचा पगारी माणूस; लिलावात कोणावर बोली लावायची, प्रशिक्षक कोण आणायचा हे तो सुचवतो. पॅरिस ऑलिम्पिकनंतर निवृत्त झालेला गोलरक्षक श्रीजेश दिल्ली एसजी पायपर्समध्ये याच पदावर गेला. मेंटॉर म्हणून घेतलेला खेळाडू कधी रोज मैदानावर असतो, कधी नुसता पोस्टरवर. सही कोणाची चालते हे विचारल्याशिवाय त्या नेमणुकीवर खूश व्हायचं की नाही ते ठरत नाही.

प्रशासन हे वेगळं कसब आहे आणि ते शिकावं लागतं. मुंबईचा वीरेन रास्किन्हा भारताचा कर्णधार होता. विशीच्या शेवटी त्यानं खेळ सोडला, हैदराबादला व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं आणि मग ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट या संस्थेचा कारभार हाती घेतला. माजी खेळाडूंनी खुर्चीत जावं, पण असं तयार होऊन जावं, असं माझं ठाम मत आहे.

आता कायदाच आलाय, फक्त खेळाडूच पदाधिकारी होणार?

असं कायद्यात नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानुसार कार्यकारी समिती जास्तीत जास्त १५ जणांची. तिच्यात किमान दोन नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला हव्यात. सगळ्या जागा खेळाडूंसाठी राखीव नाहीत.

मालकीच्या या भांडणाचं नंदुरबारला काय देणंघेणं?

लीगच्या मालकीशी फारसं नाही. मान्यतेशी मात्र फार आहे.

२०१२ ची वर्ल्ड सिरीज हॉकी आठवा. आठ संघ होते, टीव्हीवर सामने होते, पुण्यामुंबईचे संघ होते. पण आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची मान्यता नव्हती. दुसरा हंगाम झालाच नाही आणि कितीतरी खेळाडू ठरलेल्या पैशांसाठी फेऱ्या मारत राहिले. झगमगाट पाहून उतरलेल्या पोरांना मान्यता नसण्याची किंमत मोजावी लागली.

आपल्या पातळीवर हीच गोष्ट प्रमाणपत्रातून समोर येते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते आणि तिथे पहिला प्रश्न असतो, ही स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का? एकाच खेळाच्या दोन संघटना भांडत असतील आणि पोरगं चुकीच्या संघटनेच्या स्पर्धेत खेळलं असेल, तर पदक घरात राहतं आणि अर्ज परत येतो. शालेय स्पर्धांचा रस्ता त्या मानानं सरळ आहे. त्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या असतात, नेहरू हॉकी त्यातच येते. जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य.

टपरीवरच्या त्या पोरानं हे सगळं ऐकलं आणि दप्तरातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला. घडीवर तो फाटायला आला होता. जिल्हास्तर शालेय हॉकी, सतरा वर्षांखालील. खाली क्रीडा अधिकाऱ्यांची सही आणि निळा गोल शिक्का, अर्धा पुसट. ‘हाऊ चालई ना?’ त्यानं विचारलं. स्पर्धा मान्यतेची आहे, पण नोकरीसाठी जिल्ह्याचं प्रमाणपत्र पुरणार नाही, कामगिरी किमान राज्यस्तरावर लागेल, असं मी सांगितलं. शिवाय आधी याला लॅमिनेशन करून घे. त्यानं विभागीय सामने कधी आहेत ते विचारलं, कागद परत पिशवीत सरकवला आणि स्टिक उचलून मैदानाकडे निघाला.