हौशी रंगभूमीचा कपडेपट

संगीत नाटकांच्या वैभवकाळी कपडेपट हे नाटक मंडळीतील एक मानाचे खाते असे, आणि 1913 साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने उंची शालू व भरजरी पोशाख यांवर मुक्तहस्ताने जो खर्च केला, त्याची वर्णने आजही आदराने सांगितली जातात. 1954 साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाल्यावर गावोगावच्या ज्या हौशी संस्थांना हुरूप आला, त्यांच्या वाट्याला असा सरंजाम कधीच आला नाही. त्यांचा कपडेपट म्हणजे ड्रेपरीवाल्याकडून एका प्रयोगापुरते भाड्याने आणलेले अंगरखे, कुणाच्या आजीच्या ट्रंकेतले लुगडे, पुण्याच्या जुन्या बाजारात हुडकलेला एखादा कोट, आणि या सर्वांचा मेळ घालणारी एक व्यक्ती, जिला संस्था सर्वांत शेवटी बोलावते. हा क्रम मला अन्यायाचा वाटतो.

खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त (1911) पोशाखच संविधानक पुढे नेतो. हिरेमाणकांनी मढलेला लक्ष्मीधर, अलंकारांची पर्वा नसलेला धैर्यधर आणि श्रीमंतीचा साज उतरवून वनमालेच्या वेषात त्याच्यापुढे येणारी भामिनी, यांचे स्वभाव प्रेक्षकाला पहिल्या दर्शनातच उमगतात. म्हणून जाणता वेशभूषाकार कापडाला हात लावण्यापूर्वी संहितेवरून एक फर्द तयार करतो: कोणते पात्र कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रहरी, कोणत्या ऐपतीने प्रवेश करते, आणि विंगेत कपडे बदलण्यास त्याला किती अवकाश मिळतो. अवकाश तुटपुंजा असेल तर अंगरख्याचे बंद नुसते दिसण्यापुरते ठेवून त्यांच्याखाली प्रेसबटणे लावावी लागतात. प्रकाशयोजनाकाराशीही मसलत हवी. शुभ्र धोतर प्रखर झोतात डोळ्यांवर येते म्हणून ते चहाच्या फिक्या पाण्यातून काढतात, आणि दुकानात खुललेला हिरवा शालू तांबड्या प्रकाशात काळवंडतो.

परंतु या कलेचे मर्म अंगाला वस्त्राची सवय लावण्यात आहे. दिवसभर पाटलोण घालून कचेरीत बसणारा कारकून जेव्हा पेशवाईतला मुत्सद्दी होतो, तेव्हा घेर सावरून बैठकीवर मांडी कशी घालावी, खांद्यावरचा शेला न घसरता मुजरा कसा करावा, डोक्यावर पगडी असताना मान किती आणि किती सावकाश वळवावी, हे त्याच्या शरीराला ठाऊक नसते; आणि सलवारीत मोठी पावले टाकण्यास सरावलेल्या मुलीला नऊवारीचा कासोटा, ओचा आणि पदर एकाच वेळी सांभाळत जिना उतरायचा असतो. रंगीत तालमीच्या दिवशी प्रथमच पोशाख चढविलेला नट त्या रात्री भूमिका विसरून वस्त्र सांभाळतो, आणि प्रेक्षकाला ते शेवटच्या रांगेतूनही दिसते. यावर उपाय स्वस्त आहे: तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून जुने लुगडे, जुने धोतर, पगडीच्या वजनाचे एखादे मुंडासे अंगावर असावे. वेशभूषाकार पहिल्या वाचनाला हजर असेल तरच ही तजवीज वेळेवर होते.

शिवणकामातही एक विवेक पाळावा लागतो. मागून आणलेल्या वस्त्राला कात्री लावावयाची नसते; ते कच्च्या टाक्यांनी आवळावयाचे आणि प्रयोगानंतर टाके उसवून, घाम व रंगभूषेचे डाग काढून, फर्दीवरून नग मोजून ज्याचे त्याला परत करावयाचे. संस्थेने स्वतः शिवविलेल्या अंगरख्यात मात्र दोन्ही कुशींना दोन-दोन बोटे कापड आत दुमडून ठेवतात, कारण पुढच्या वर्षीचा नट अंगाने थोराड निघण्याचा संभव असतो.