वजन उतरवायचेय? घाई नको, सवय हवी!

घरात लग्न निघाले, की आधी आठवते ते वाढलेले वजन. कपाटातला ब्लाउज अंगात शिरत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून भात बंद, पोळी बंद, रात्री नुसती काकडी! पंधरा दिवसांत काटा दोन-तीन किलो खाली येतो. त्यात पाण्याचाच वाटा बराच असतो. लग्न पार पडते, जेवणे सुरू होतात आणि वजन व्याजासकट परत येते. मग ‘आमचा बांधाच असा’ म्हणून सगळेच सोडून दिले जाते.

दोष बांध्याचा नसतो, पद्धतीचा असतो. उपासमार जन्मभर झेपत नाही. छोट्या सवयी मात्र झेपतात.

चहापासून सुरुवात

दिवसाला चार कप चहा आणि कपात दोन चमचे साखर म्हणजे आठ चमचे, सुमारे ४० ग्रॅम. त्यातून मिळतात १६० कॅलरी. चहा सोडू नका, साखर निम्मी करा. एकदम जमत नसेल तर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. महिन्याकाठी एकट्या तुमच्या वाट्याची ६०० ग्रॅम साखर वाचेल.

तेल बाटलीतून थेट कढईत ओतू नका, चमच्याने मोजून घाला. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात.

उरलेले कोण संपवणार?

मुलाने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्यातला चार घास भात... अन्न टाकायला जीव होत नाही, म्हणून गृहिणी ते उभ्या उभ्या संपवते. हे जेवण कुणाच्या हिशेबात नसते, पण कमरेवर दिसते. यावर उपाय सोपा आहे. ताटात आधी थोडेच वाढा, लागेल तसे पुन्हा घ्या. तरी उरलेच तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी फोडणीची पोळी होईल आणि ती सगळ्यांच्या वाट्याला येईल. तुमचे पोट म्हणजे उरलेले ठेवायचा डबा नव्हे!

नवी सवय जुनीला बांधा

‘उद्यापासून फिरायला जाईन’ हा उद्या उगवत नाही. त्याऐवजी रोजच्या कामाला चालणे जोडा. मुलाला बसथांब्यावर सोडले, की तिथूनच पंधरा मिनिटे चाला. भाजी पायी जाऊन आणा. रात्रीची भांडी आवरली, की दहा मिनिटे गच्चीवर फेऱ्या मारा.

सवय किती दिवसांत लागते? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांचा अभ्यास केला होता. २०१० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला, म्हणून सगळे फुकट गेले नाही, हेही आढळले. तेव्हा सणाला पुरणपोळी खाल्लीत तर हळहळू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या नियमावर या.

काटा आठवड्यातून एकदाच बघा. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले. कंबरही मोजा, भारतीय स्त्रीची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत असावी, असे डॉक्टर सांगतात. मधुमेह, थायरॉइड किंवा गरोदरपण असेल, तर आहारात बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आजच्या संध्याकाळच्या चहात पाव चमचा साखर कमी घाला. सुरुवातीला तेवढे पुरे.