काळ्या मेंढीची खरखरीत लोकर

चित्रातली मेंढी डोळ्यांपुढे ठेवून दख्खनी मेंढी पाहायला गेलं तर निराशा होते. ती पांढरी नाही, गुबगुबीत नाही. रंग बहुधा काळा, पाय लांब, अंग काटक. पोट आणि पाय जवळजवळ उघडे, आणि पाठीवर लोकर म्हणावी की केस असा प्रश्न पडावा इतका राठ थर. मेरिनो मेंढीचा तंतू साधारण 20 मायक्रॉन जाडीचा असतो. हिचा त्याच्या दुपटीहून जाड. वर्षाकाठी एका मेंढीची लोकर निघते जेमतेम अर्धा-पाऊण किलो. मोठ्या बाजारात ती गालिचे आणि जाड कांबळ्यांपलीकडे जात नाही. पण माण, आटपाडी, जत या पट्ट्यात, जिथं पावसाचा भरवसा कुणी धरत नाही, तिथं कुसळं खाऊन आणि दिवसभर चालून टिकते ती हीच. घोंगडी होते तीही हिच्याच लोकरीची.

दिवाळी झाली की माणदेशातले वाडे हलू लागतात. हा वाडा दगडा-विटांचा नव्हे. चार-दोन कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, असा तो चालता संसार. घोडीच्या पाठीवर भांडी, अंथरुणं, पीठ, वर एखादी कोंबडी आणि अजून चालता न येणारं कोकरू. पुरुष मेंढरं घेऊन रानानं जातात, बाया घोडी हाकत थेट मुक्कामाच्या शेतात. चूल मांडणं, पाणी शोधणं, आईनं न घेतलेल्या कोकराला दुसरीच्या आचळाला लावणं, ही सगळी कामं त्यांची. कळपात किती कोकरं जगली हे त्यांच्या हातावर ठरतं. बाजारात मोलभाव करायला मात्र पुरुष पुढं.

संध्याकाळी मेंढरं शेतात बसवायची आणि भोवती वाघर लावायची. वाघर म्हणजे खुंटांवर ताणलेली जाळी. लांडगा बाहेर राहावा आणि मेंढरू आत, एवढंच तिचं काम. रात्रभरात लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं. शेतकरी त्याबद्दल पूर्वी धान्य द्यायचा, आता बहुतेक रोख देतो. दुसऱ्या रात्री वाघर शेजारच्या तुकड्यात. कोल्हापूर जिल्ह्यात आदमापूरला मेंढरं राखणारे संत बाळूमामा यांची समाधी आहे. ते 1966 साली गेले, पण त्यांची मेंढरं बग्ग्याबग्ग्यांनी, म्हणजे कळपाकळपांनी, अजून हिंडतात आणि ती आपल्याच रानात बसावीत म्हणून गावोगावचे शेतकरी धडपडतात. श्रद्धा आहेच. शेणखताचा भाव माहीत असलेल्या माणसाला त्यातला व्यवहारही कळतो.

लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते. आधी मेंढरं ओढ्यात किंवा तळ्यात धुऊन घ्यायची, नाहीतर कुसळं आणि मातीनं कातरीची धार जाते. कातरणारा मेंढी आडवी पाडतो, पाय बांधतो, एका गुडघ्यानं तिला हलकं दाबून धरतो आणि लोहारानं घडवलेली लांब पात्यांची कातर कातडीला समांतर सरकवत नेतो. डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणून धरायची; तिथं सुरकुती राहिली की जखम झालीच. परदेशी चित्रफितींत मेंढीचा सगळा झगा अखंड उतरतो, तसं इथं होत नाही. लोकर आखूड आणि विरळ, त्यामुळं ती पुंजक्यापुंजक्यानं खाली पडते. काळी वेगळी, करडी वेगळी, पांढरी वेगळी. कोकराची पहिली कातरण, म्हणजे जावळ, सगळ्यांत मऊ; ती निराळी बांधून ठेवतात आणि जावळाच्या घोंगडीला भावही निराळा मिळतो.

पुढचं काम दुसऱ्या घरात. घोंगडी विणणारे मुख्यतः सणगर. काही भागांत खुटेकर धनगरही माग चालवतात. हातकणंगले तालुक्यातलं पट्टणकोडोली हे या धंद्याचं जुनं ठिकाण. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत इथं भंडाऱ्यासोबत लोकरही उधळतात आणि देवाच्या वतीनं बोलणाऱ्या फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे वर्षाचं भाकीत, ऐकायला माणसांचा समुद्र लोटतो. भाकणूक पावसाची, पिकांची. मेंढपाळांच्या देवाला पहिला प्रश्न पावसाचाच विचारला जाणार, दुसरा कुठला?

लोकर आधी धनुकलीनं पिंजतात, मग तिचं सूत कातलं जातं. हे काम बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं. मेंढरांमागं चालता चालता टकळीवर सूत काढणारा म्हातारा माणदेशात एकेकाळी सर्रास दिसे. तंतू जाड आणि निसरडा, म्हणून पीळ घट्ट द्यावा लागतो. कमी पडला की धागा मागावर सुटतो. विणकराला दिवसभर पुरेल एवढं सूत कातायला एकापेक्षा जास्त हात लागतात आणि मजुरी त्यात सगळ्यांत कमी. माझ्या मते या सगळ्या साखळीत पहिल्यांदा झिजली ती हीच कडी. मागाचे फोटो सगळे काढतात, कातणारीकडं कुणी पाहत नाही.

खरी गंमत खळीची. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजत घालायचे, वाटायचे आणि शिजवून लापशीसारखी चिकट खळ करायची. ताण्याचे धागे उघड्यावर, दोन टोकांना ताणून बांधतात. दोघं जण दोन्ही बाजूंनी राठ कुंच्यानं खळ लावत जातात, एकच दिशा धरून, म्हणजे धाग्यावर उभे राहिलेले केस अंगाला चिकटून बसतात. कुंचा उलटा फिरला तर केलेलं काम वाया. ऊन कमी असेल तर धागे एकमेकांना चिकटतात, म्हणून पावसाळ्यात हे काम रखडतं. वाळलेला ताणा तारेसारखा ताठ होतो आणि मग मागावर चढतो. माग खड्ड्यातला. विणकर जमिनीच्या पातळीला बसतो, पाय खाली पावड्यांवर, आणि बाण्याचा प्रत्येक धागा ठोकून बसवतो. रंग घालायचा नसतो. काठाचे पट्टे पांढऱ्या किंवा करड्या मेंढीच्या नैसर्गिक रंगाचे. याच लोकरीचं न विणता केलेलं भावंड म्हणजे जेन: पिंजलेली लोकर पसरायची, भिजवायची आणि हातापायांनी मळून मळून तिचा एकजीव जाड थर करायचा.

नवी घोंगडी टोचते. शहरातला माणूस तिथंच तोंड फिरवतो. खळ निघून गेली आणि वर्ष-दोन वर्षं वापरली की ती अंगासरशी होते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं बाष्प धरूनही हाताला ओली लागत नाही आणि ते धरताना थोडी उष्णता सोडते. त्यावर मेंढीच्या अंगातली नैसर्गिक चरबी आणि घट्ट वीण. म्हणून श्रावणातल्या पावसात माळावर उभा असलेला धनगर घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतो आणि कोरडा राहतो. मऊ लोकरीची शाल तिथं अर्धा तास टिकायची नाही.

मग ती मागं का पडली? प्लास्टिकचे कागद आले, गिरणीची स्वस्त ब्लँकेटं आली, हे खरंच. पण मूळ कारण मेंढीच्या पाठीवर आहे. मटणाला भाव चढत गेला आणि लोकरीला उतरत. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त झाली तेव्हा मेंढपाळ ती कातरून बांधाला टाकू लागला. पुढं त्यानं मेंढीची जातच बदलली. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, वजनदार, बाकदार नाकाची, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची. मांस भरपूर आणि लोकर नावाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या छोट्याशा गारोळ मेंढीतला जुळी देणारा जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. काम मोठं आहे आणि मेंढपाळाच्या पदरात एकाऐवजी दोन कोकरं पडली तर त्याचं भलंच आहे. पण त्या हिशेबात लोकर कुठं नाही. सरकारी योजना मेंढ्या वाटते तेव्हाही गणित मांसाचंच असतं. मेंढपाळाला दोष द्यायचं कारण नाही. पोर शाळेत घालायचं तर कोकरू विकावं लागतं, लोकर विकून फी भरत नाही.

म्हणून घोंगडी वाचवायला निघालेले लोक मागापासून सुरुवात करतात तेव्हा मला शंका वाटते. काही संस्था आणि डिझायनर आता दख्खनी लोकरीच्या बैठका, पिशव्या, पायपुसणी करतात, शहरात कार्यशाळा घेतात, हौशी मंडळी टकळी फिरवायला शिकतात. चांगलंच आहे. पण त्यातला पैसा कातरणीच्या दिवशी मेंढपाळाच्या हातात पडतो का, आणि कातणारीच्या मजुरीत किती दिसतो, हे विचारल्याशिवाय त्याचं कौतुक करू नये. लोकर किलोमागं अशी विकली जावी की कातरणी सुटून चार पैसे उरतील. तसं झालं तर काळी मेंढी कळपात आपोआप राहील. चराऊ रानं कुंपणात जात असताना हेही पुरेसं नाही, ती वेगळी आणि जास्त अवघड लढाई.

घोंगडी घ्यायचीच असेल तर काठाचा एक धागा ओढून जाळून पाहा. खरी लोकर केस जळल्याचा वास देते आणि राख बोटांत चुरडली जाते; सिंथेटिक धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. यात्रेतल्या पथाऱ्यांवर असे मणी बरेच निघतात. धुवायची वर्षातून एकदा, थंड पाण्यात, रिठ्यानं, आणि पिळायची नाही.