गोड्या पाण्यातील पाकटाचे पिल्लू निवडताना

पाकट म्हटले की समुद्र आठवतो. परंतु ॲमेझॉन, ओरिनोको, पराना या दक्षिण अमेरिकेतील नद्यांत पाकटांचे एक कुल कायमचे गोड्या पाण्यात राहते. त्यांतील ‘पोटॅमोट्रायगॉन मोटोरो’ ही जाती हौशी लोक घरच्या टाकीत पाळतात.

पिल्लू घेताना पाठीवरच्या सुंदर ठिपक्यांनी भुलू नये. शेपटीच्या बुंध्यापाशी दोन उंचवटे वर आलेले दिसले, तर ते उपाशी आहे. (ही हाडे नव्हेत, पाकटाचा सांगाडा कूर्चेचा असतो.) शरीराची कड सतत वर वळलेली असणे हेही वाईट लक्षण. विक्रेत्याला आपल्यासमोर गांडूळ घालायला सांगावे. जे तत्परतेने खाईल तेच घ्यावे.

निरोगी पिल्लूही नव्या टाकीत दगावते, ते का? समुद्री पाकट रक्तात युरिया साठवतात, त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्यांच्या शरीरातील पाणी टिकून राहते. नदीत त्याची गरज उरली नाही आणि या कुलाने ती क्षमता गमावली. त्यांचा नत्रयुक्त मळ मुख्यतः अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साचतो. गाळणीतील जीवाणू अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात, पण हे जीवाणू पुरेसे वाढायला काही आठवडे लागतात. तेव्हा टाकी आधी चालू करावी, पिल्लू मागाहून आणावे.

तळहाताएवढे हे पिल्लू पुढे अर्धा मीटर रुंद होऊ शकते. शिवाय त्याच्याही शेपटीवर विषारी काटा असतो. शाळेच्या टाकीत ते ठेवू नये, असे आम्हांला वाटते.