‘सामान्य’ म्हणजे कमी दर्जाचे नव्हे

ख्रिस्तसभेच्या उपासना वर्षात आगमनकाळ, नाताळकाळ, प्रायश्चित्तकाळ आणि पास्काकाळ वगळता उरणाऱ्या ३३ किंवा ३४ आठवड्यांना आपण ‘सामान्यकाळ’ म्हणतो. या काळात धर्मगुरू हिरवी वस्त्रे परिधान करतात. मोठ्या सणाची तयारी नाही, म्हणून हा काळ कमी महत्त्वाचा, अशी अनेकांची समजूत असते. त्या समजुतीचे मूळ ‘सामान्य’ या शब्दाच्या आजच्या वापरात आहे.

बोलताना आपण ‘सामान्य’ म्हणजे बेताचे, कमी दर्जाचे असे समजतो. पिंपरी-चिंचवड वा चाकणच्या कारखान्यात पाळी करणारा भाविक ‘मी एक सामान्य कामगार’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात हाच कमीपणा असतो. वस्तुतः हा शब्द संस्कृत ‘समान’पासून आला आहे. जे अनेकांत समान असते, ते सामान्य. वैशेषिक दर्शनाने याच अर्थाने ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ यांना सहा पदार्थांत स्थान दिले. शालेय व्याकरणातही ‘पवना’ आणि ‘इंद्रायणी’ ही विशेषनामे, तर ‘नदी’ हे सामान्यनाम. सामान्यनाम कोणालाही हलके ठरवीत नाही; ते सर्वांना एकत्र आणते. ‘कामगार’ हेही सामान्यनामच आहे. कायम, कंत्राटी आणि शिकाऊ असे भेद असले, तरी हा शब्द सर्वांचा आहे.

उपासनेची लॅटिन भाषा या काळाला ‘वर्षभरातील काळ’ एवढेच म्हणते. इंग्रजी ‘ऑर्डिनरी’ शब्दाच्या मुळाशी ‘ओर्दो’ म्हणजे क्रम हा लॅटिन शब्द आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६९ साली मान्य केलेल्या दिनदर्शिकेत हे आठवडे क्रमाने मोजले जातात. ते मोजण्याजोगे आहेत, टाकण्याजोगे नाहीत. याच आठवड्यांत शुभवर्तमानातून प्रभूची शिकवण आणि कार्य आपण रविवारमागून रविवार ऐकतो.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. पुढच्याच वर्षी पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस कामगार संत योसेफ यांना समर्पित केला. नाझरेथच्या सुतारकामात प्रभूची अनेक वर्षे गेली. ती वर्षे तारणकार्याबाहेरची नव्हती.

म्हणून ‘सामान्य माणूस’ म्हणताना ‘आपणा सर्वांसारखा माणूस’ हा अर्थ मनात ठेवू या. हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे.